अठ्ठेचाळीस मिनिटांची घडी

माझे सासरे हुकूमचंदजी रागावले, की आधी त्यांचा उजवा कान लाल होतो आणि मग आवाज चढतो. त्या दुपारी फोनवर कान काही दिसत नव्हता, पण आवाज चढलेला होता, म्हणजे कानाचं काम आधीच होऊन गेलं असणार.

“रुचा, तुही सासू कुठी गेली?”

मी वऱ्हाडातल्या शिरपूरमध्ये, बस स्टँडसमोरच्या आमच्या दुकानात. ते दोघं ग्रीस देशात. आणि हा प्रश्न मला! आमच्या घरात काहीही हरवलं, चष्मा असो की किल्ली, की आधी सुनेला विचारायचं अशी रीतच आहे. पण बायको हरवली म्हणून विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

“पप्पा, मम्मी तुमच्यासंगंच होत्या ना?”

“संगं असती तर तुले कायले इचारलं असतं? या मशिदीत शिरलो तवा होती. मी बाहेर येऊन ओट्यावर जरासा टेकलो, आन आता पायतो तर पत्ता नाही. फोन उचलत नाही. तीन वाजता बस निघते म्हणतात. पुढं जहाज पकडायचं हाये.”

तीन म्हणजे आपले तीन. सासरे तिथलं घड्याळ तोंडी हिशेबानं आपल्या वेळेत आणूनच बोलत, आणि तिथं साडेबारा वाजत असताना तीन म्हणत. मी दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून श्रेयांसनं, माझ्या नवऱ्यानं, दोघांना जैन टूरसोबत पाठवलं होतं. सोबत स्वयंपाकाला महाराज, कांदा-लसूण नाही, जेवण दिवस मावळायच्या आत, प्यायला उकळलेलं पाणी. सगळी सोय होती. त्या दिवशी समुद्रकाठच्या एका जुन्या गावात त्यांचा मुक्काम हलणार होता. त्या गावाचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. सासऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी नाद सोडून त्याला ‘बंदरवालं गाव’ करून टाकलं होतं. तिथं उस्मानी सुलतानांच्या काळातली एक मशीद आहे. नमाज बंद होऊन शंभर वर्षं झाली. आता गावच्या नगरपालिकेनं तिची डागडुजी केली आहे, आत चित्रांची प्रदर्शनं भरतात, गाण्याचे कार्यक्रम होतात. गावाची शान म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवतात. टूरच्या कागदावर तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘एक तास’.

अर्ध्या तासापूर्वीच माझा आणि सासूबाईंचा व्हिडिओ कॉल झाला होता. कंचनबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मी मम्मी म्हणते. त्यांनी मला फोन वर-खाली फिरवत सगळं दाखवलं. भला मोठा घुमट, त्याखाली गोल रांगेत लहान लहान खिडक्या, भिंतीत जपून ठेवलेला नमाजाच्या दिशेचा संगमरवरी कोनाडा, त्यावर सोनेरी अक्षरं. मधोमध एक काळा पियानो आणि भिंतीच्या कडेनं समुद्राची चित्रं. “पाय, रुचा, किती शांत हाये. फरशी किती थंड लागते पायाले,” असं त्या म्हणत होत्या. मग तिथल्या गाइडला त्यांनी आपल्या वऱ्हाडी हिंदीत विचारलं, की बायका कुठं बसत होत्या. गाइडनं वर हात केला. वर लाकडी माडी होती, पुढे नक्षीची जाळी.

“वर बसत होत्या, रुचा. जाळीच्या मागं. आपल्या उपाश्रयातल्यावानी.” उपाश्रय म्हणजे आमचे साधू-साध्वी उतरतात आणि आम्ही धर्मक्रियेला जमतो ती जागा. त्यांना फार आनंद झाला होता. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं, ठेवते मी.” फोन बंद झाला, तेव्हा दोनला पाच कमी होते.

दोनला पाच कमी! सासऱ्यांशी बोलता बोलताच माझ्या डोक्यात हे आलं.

“पप्पा, घाबरू नका. मम्मी सामायिकले बसल्या असतीन. दोन वाजले ना.”

सामायिक म्हणजे काय हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं, पण बाहेरच्याला सांगायला हवं. पांढऱ्या लोकरीच्या कटासनावर बसायचं, तोंडापुढे मुहपत्तीची पांढरी घडी धरायची, ‘करेमि भंते’ म्हणून व्रत घ्यायचं आणि अठ्ठेचाळीस मिनिटं समभावात राहायचं. मधे उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, फोनला तर हातही लावायचा नाही. मम्मी रोज दुपारी दोन वाजता बसतात. भूकंप झाला तरी दोन अठ्ठेचाळीसच्या आधी उठणार नाहीत. टूरवर जाताना त्यांनी आपलं घड्याळही बदलू दिलं नव्हतं. ते शिरपूरच्याच वेळेवर होतं.

पलीकडे सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “हात् तिच्या! खरंच की. माह्या ध्यानातच नाही आलं. पण इथं खाली तं कुठी बसेल दिसत नाही.”

“कुठंतरी आडोश्याले असतीन. दोन अठ्ठेचाळीसले येतीन पाहा.”

“मंग येऊ दे. म्हणा बाबूलालजीले, थांबा म्हणा. सामायिक हाये, काही खेळ नाही.” बाबूलालजी म्हणजे टूरचे मॅनेजर. आता सासऱ्यांच्या आवाजात राग जाऊन थोडी ऐटच आली होती. फोन ठेवण्याआधी ते कोणाला तरी सांगत होते, की आमच्या घरी चाळीस वर्षांत एक दिवस सामायिक चुकली नाही.

मी मात्र निश्चिंत नव्हते. कारण मी सासऱ्यांना अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं तीन महिन्यांपासून माझ्या पोटात होतं.

माघातली गोष्ट. मम्मी सकाळी कोथिंबीर आणायला गेल्या आणि तासभर आल्याच नाहीत. मग दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मी गल्ल्यावर होते. माझ्याकडे बघून अगदी परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाल्या, “बाई, मालेगावची गाडी लागली का वो?” मालेगाव त्यांचं माहेर. तिथं आता त्यांचं कोणी राहिलेलं नाही. मला आधी वाटलं, थट्टा करतात. पण त्यांच्या डोळ्यांत मी नव्हतेच. मिनिटभरानं त्या भानावर आल्या, पिशवीतल्या कोथिंबिरीकडे बघत राहिल्या आणि मग मागच्या खोलीत जाऊन लहान पोरीसारख्या रडल्या. त्याच खोलीत त्यांनी माझा हात आपल्या गळ्याला लावून घेतला.

“माही शपथ हाये तुले. याहिले सांगू नको, श्रेयांसले सांगू नको. टूरहून आलो की आपण दोघी अकोल्याले डाक्टरकडे जाऊ. आता सांगितलं तं हे टूर मोडतीन आन मले घरात बसवून ठेवतीन. एकदा जग पाहू दे मले, रुचा. मंग इसरली तं इसरली.”

मी शपथ पाळली. आणि शहाणी सून म्हणून आपल्या परीनं बंदोबस्तही केला. पर्समध्ये नाव-नंबरची चिठ्ठी शिवली. घड्याळ शिरपूरच्या वेळेवरच राहू दिलं, म्हणजे हिशेब नको. आणि आमच्याच दुकानातली वाळूची घडी दिली. आमचं दुकान यात्रेकरूंसाठी आहे: पूजेचं धोतर-उपरणं, माळा, कटासनं, आणि सामायिकसाठी अठ्ठेचाळीस मिनिटांच्या वाळूच्या घड्या. मम्मी आधी साधं घड्याळ बघून बसायच्या. पण किती वाजता बसलो हेच अलीकडे त्यांच्या लक्षात राहीना. वाळूच्या घडीला लक्षात ठेवावं लागत नाही. उलटी केली की सुरू, वरची वाळू संपली की झाली. मला माझ्या हुशारीचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

आता मी गल्ल्यावर बसून विचार करत होते, की त्या सामायिकला बसल्या असतील तर ठीक. पण नसतील तर? मी सासऱ्यांना ‘थांबा’ म्हणून सांगून बसले होते. त्या बाहेर पडून मालेगावची गाडी शोधत असतील, तर माझ्या एका शब्दामुळे सगळे ओट्यावर आरामात बसून होते आणि त्या दर मिनिटाला लांब जात होत्या. बंदराचं गाव. पलीकडे समुद्र. ज्या बाईनं आयुष्यात अडाण नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तिला काठ कुठं संपतो हे तरी कळणार होतं का?

एक गिऱ्हाईक आलं. धोतर मागितलं. मी टॉवेल दिला.

“तुले काय झालं?” श्रेयांसनं माझ्या हातून टॉवेल घेत विचारलं. तो मागच्या फळ्या लावत होता.

“काही नाही. ऊन लागलं.”

वैशाखातली दुपार. ऊन लागलं म्हटलं की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही. मी सगळी नजर घड्याळावर ठेवली. दोन चाळीस. दोन पंचेचाळीस. या वेळेला घरी मी उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला भरते. दोन अठ्ठेचाळीसला मम्मींच्या खोलीत जाते, पेला ठेवते, म्हणते, “मम्मी, झाली.” मग त्या मुहपत्ती खाली घेतात आणि माझ्याकडे बघून हसतात. रोजचं ठरलेलं.

दोन अठ्ठेचाळीस झाले. फोन वाजला नाही.

दोन पन्नास. मनाला म्हटलं, उठायला वेळ लागतो, पाय आखडतात. दोन चोपन्न. मनाला म्हटलं, आल्या असतील, आनंदात पप्पा फोन करायचं विसरले असतील. दोन छप्पन्नला फोन वाजला.

“आली नाही, रुचा.” या वेळी आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त भयंकर होतं. सासऱ्यांचा खाली आलेला आवाज मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही ऐकला नव्हता. “पुरा हॉल पायला. बायकांचा संडास पायला, लिलाबाई आत जाऊन आली. मागचा बगीचा पायला. कुठीच नाही.”

लिलाबाई म्हणजे टूरमधल्या वाशीमच्या एक बाई. त्यांचंच नवकार मंत्र म्हणणं मागून ऐकू येत होतं.

“पप्पा, दारापाशी मम्मीच्या चपला आहेत का?” मला आठवलं होतं, थंड फरशी. मम्मी देवाच्या कोणत्याही जागेत चपला घालून जात नाहीत. दुसऱ्याचा देव असो, जुना असो, उठून गेलेला असो.

त्यांचे बूट दगडावर वाजत गेलेले मला ऐकू आले. मग थांबले. “नाही. इथं कोणाच्याच चपला नाहीत. सारे घालूनच आत जातात.”

चपला नाहीत म्हणजे त्या चपला घालून बाहेर पडल्या. आता शपथ कसली आणि काय कसली.

“बाबूलालजींना द्या फोन,” मी म्हटलं. आणि बाबूलालजी आल्यावर सरळ सांगितलं, “पोलिसांना कळवा. आत्ताच. बंदराकडे आधी बघायला सांगा.”

“भाभीजी, पोलिस? अजून दहा मिनिटं पाहू. त्या समजदार आहेत, एवढ्या…”

“मी सांगते म्हणून कळवा!” मी एवढ्या जोरात ओरडले, की स्टँडवरच्या रसवंतीवाल्यानं मान वळवून पाहिलं.

श्रेयांस माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. मी फोनवर हात ठेवून त्याला सगळं सांगितलं. माघ, कोथिंबीर, मालेगावची गाडी, शपथ. चार वाक्यांत झालं. तीन महिने जे गिळता येत नव्हतं, ते बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“आन तू मले सांगितलं नाही?” तो म्हणाला. “माह्या मायबद्दल? मी तिले सात समुद्रापार धाडलं आन तू गुमान पर्समधी चिठ्ठ्या शिवत बसली?”

“त्यांनी शपथ घातली होती.”

“शपथ मोठी का माणूस मोठं?”

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि गल्ल्यावर ठेवला. आम्ही दोघं त्यावर वाकून उभे राहिलो.

पलीकडे बाबूलालजी पोलिसांना फोन लावत होते; इंग्रजी समजणारा माणूस मिळायलाच वीस मिनिटं गेली. तिथं दाराशी तिकिटाच्या मेजावर एक म्हातारीशी बाई बसलेली होती, ती मधे पडून मदत करत होती. पोलिस काय काय विचारत होते ते बाबूलालजी सासऱ्यांना विचारत होते आणि सासरे उत्तरं देत होते. वय एकसष्ट. उंची? “माह्या खांद्याले लागते.” साडी कोणती? आता इथं गाडी अडली. चाळीस वर्षं कपड्याच्या धंद्यातला माणूस, गिऱ्हाइकाला दहा हात लांबून कापडाचा पोत सांगणारा, त्याला बायकोनं सकाळी कोणती साडी नेसली ते आठवेना.

“पोपटी,” मी इकडून म्हटलं. “बारीक बुट्टीची.”

“पायात?”

“तपकिरी चपला,” सासरे म्हणाले. “अंगठ्याची. डाव्या पायाची शिवेल हाये, काळ्या दोऱ्यानं. मीच शिवून आणली होती.” ते मात्र आठवलं त्यांना.

बाबूलालजींनी ते इंग्रजीत सांगितलं. आणि त्या मेजावरच्या बाईनं काहीतरी मोठ्यानं म्हटलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सासऱ्यांचा आवाज: “ह्याच. ह्याच हायेत.”

दारात बेवारस पडलेल्या चपला कोणी उचलून नेईल म्हणून त्या बाईनं आपल्या मेजाखाली ठेवल्या होत्या. बिचारीनं भलंच केलं होतं.

“पप्पा, मम्मी आतच आहेत!” मी ओरडले. “चपलेशिवाय त्या बाहेर पाऊल टाकणार नाहीत. वर पाहा. माडीवर, जाळीच्या मागं. तिथं बायका बसायच्या ना. मम्मी बायकांच्या जागेवरच बसल्या असतील!”

“वर तं दोरी बांधेल हाये. जायाले मनाई हाये.”

“मम्मीले दोरी कधी अडली?”

हे खरंच होतं. उपाश्रयात गर्दीच्या दिवशी पुरुषांनी लावलेल्या दोऱ्या मम्मी पदर सावरत हळूच ओलांडून जातात आणि मागून कोणी बोललंच, तर ऐकू न आल्यासारखं करतात. पलीकडे धावपळ झाली. मेजावरच्या बाईनं दोरी सोडली असावी. सासऱ्यांनी व्हिडिओ सुरू केला होता, पण कॅमेरा उलटसुलट हलत होता. लाकडी पायऱ्या दिसल्या, त्यांचा स्वतःचा गुडघा दिसला, आणि एका हातात धरलेल्या त्या तपकिरी चपला. बायकोच्या चपला सासऱ्यांनी हातात घेतलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग जिना संपला आणि चित्र स्थिर झालं.

मम्मी बसल्या होत्या. जाळीतून आलेला उजेड त्यांच्या पोपटी साडीवर पडला होता. खाली पांढरं कटासन, तोंडापुढे मुहपत्ती, समोर वाळूची घडी. फोन बाजूला पर्समध्ये असेल, सामायिकसाठी आवाज बंद करून ठेवलेला. त्यांनी डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं आणि मोकळा हात वर केला. थांबा.

श्रेयांस खाली बसला. अगदी दुकानाच्या फरशीवर, गिऱ्हाइकांच्या जागेवर. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्यानं तो झटकला नाही.

सासरे वरच्या पायरीवर मटकन टेकले आणि पुटपुटत बोलू लागले. “काय बाई हाये! जीव गेला असता माहा. पोलिस बलावले, पोलिस!” रागावत होते आणि हसत होते. त्यांच्यामागून लिलाबाई आणि टूरच्या दोन-चार बायका वर आल्या. लिलाबाईंनी घडीकडे पाहिलं. वरच्या भागात अजून थोडी वाळू होती. त्यांनी हात जोडले.

“दोनले बसल्या म्हणता ना? मंग ही दुसरी चालू हाये. सलग दुसरी! धन्य हाये कंचनबाई. आमाले मंदिरात बसून एक होत नाही, आन यांनी परदेशात, मशिदीत दोन केल्या.”

सलग दोन, तीन सामायिक करणारे असतात. पर्युषणात, चातुर्मासातल्या त्या पर्वाच्या दिवसांत, तर पुष्कळ करतात. सासऱ्यांची मान ताठ झाली. बाबूलालजी पोलिसांना ‘सापडल्या’ असं कळवून खालून ओरडत होते, की बसचा ड्रायव्हर ऐकत नाही, जहाज थांबणार नाही. सासऱ्यांनी वरूनच सांगितलं, “दहा मिनिटं! सामायिक मोडता येत नाही. पुरी होऊ द्या.”

आणि खरं सांगायचं तर मीही ते मानायला तयार होते. तशी नेमाची बाई, शांत जागा, थंड फरशी, मन लागलं असेल, केली दुसरी. तीन वाजून तेहतीस. चौतीस. श्रेयांस उठून माझ्या शेजारी आला. “बरी दिसते ना?” त्यानं हळूच विचारलं. मी मान हलवली. शपथ मोडली नसती तरी चाललं असतं, असंही एकदा वाटून गेलं.

छत्तीसला वाळू संपली.

सगळ्या बायका सरसावून बसल्या. आता मम्मी मुहपत्ती खाली घेतील, उठतील, सगळ्या त्यांच्या पाया पडतील. मम्मींनी घडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आजूबाजूला नजर टाकली, उजवीकडे, जणू कोणीतरी यायचं राहिलं होतं. कोणी आलं नाही. मग त्यांचा हात पुढे झाला आणि त्यांनी घडी उलटी केली. हळू, स्पष्ट आवाजात म्हणायला लागल्या, “करेमि भंते…”

“तिसरी!” लिलाबाईंनी पुन्हा हात जोडले. बाकीच्या बायकांनीही हात जोडले. सासऱ्यांना हसावं की रडावं कळेना. “कंचन, जहाज जाईन ना बाई आता,” ते म्हणाले, पण आवाजात कौतुकच जास्त होतं.

मला मात्र सगळं एकदम दिसलं. घरी त्यांच्या उजव्या हाताला दार आहे; त्यांनी तिकडे कुणाला शोधलं ते कळलं. मी दिलेल्या घडीत सगळी वाळू खाली असली, की सामायिक झाली असंही असतं आणि अजून बसायचंच आहे असंही असतं. दोन्ही वेळेला घडी सारखीच दिसते. घरी ते मम्मींना घडी सांगत नव्हती. मी सांगत होते. पाण्याचा पेला ठेवून, “मम्मी, झाली” म्हणून. तिथं सांगायला कोणी आलं नाही.

“पप्पा,” मी म्हटलं. “घडी आडवी करा.”

“काय बोलतेस? व्रतात हाये ती. पाप लागीन.”

“मला लागू द्या. पप्पा, मम्मी तिसरी नाही करून राह्यल्या. त्या पहिलीच करून राह्यल्या.”

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मला वाटलं, आता कान लाल होईल. पण तसं काही झालं नाही. त्यांनी फोन माडीच्या कठड्याला टेकवून ठेवला, गुडघ्यावर सरकत मम्मींच्या जवळ गेले आणि ज्या आवाजात ते दुकानात तान्ह्या मुलांशी बोलतात, त्या आवाजात विचारलं, “कंचन, कितवी हाये ही?”

मम्मींनी मुहपत्ती जराशी खाली घेतली. सामायिकमध्ये नवरा असलं काही विचारतो म्हणून त्यांना नवल वाटलेलं दिसत होतं.

“कितवी म्हंजे? आत्ताच तं बसली मी.”

लिलाबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. खालून बसचा हॉर्न वाजला, दोनदा. सासऱ्यांनी हात लांब करून घडी आडवी केली. वाळू थांबली.

“रुचा, तुले मालूम होतं?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“हो, पप्पा. माघापासून.”

“तिले बोलू नका,” मम्मी म्हणाल्या. हे त्यांना स्पष्ट आठवत होतं. “मीच शपथ घातली होती तिले.” मग त्यांनी घडीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातातल्या आपल्या चपलांकडे पाहिलं, आणि एक एक करून त्यांना समजत गेलं. ते समजताना मी पाहिलं, आणि ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. “किती वेळ झाला वो?” त्यांनी विचारलं. “लय वेळ झाला का?”

“नाही,” सासरे म्हणाले. “काही वेळ नाही झाला.”

त्यांनी चपला तिथंच, मम्मींच्या पायांपुढे ठेवल्या. मग काहीतरी आठवून परत उचलल्या, कारण इथं घालायच्या नसतात. वाळूची घडी सदऱ्याच्या खिशात टाकली. कटासनाची घडी त्यांना करता येईना, तेव्हा तशीच गुंडाळून काखेत मारली.

“चाल. आता घडी माह्याजवळ राहीन. बसशीन तवा मी उलटी करीन. झाली की मीच सांगीन.”

“तुमाले ध्यान राहीन का?” मम्मी म्हणाल्या. “तुमाले तं सकाळची साडी ध्यानात राहत नाही.”

श्रेयांस हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला. मी फोन हातात घट्ट धरून ठेवला होता, जणू तोच सोडला तर त्या पडतील. पलीकडे सासऱ्यांनी कठड्यावरचा फोन उचलला आणि चालू राहिला आहे हे न बघताच खिशात टाकला, घडीच्या शेजारी. स्क्रीन काळी झाली. मग फक्त लाकडी जिन्यावरची पावलं ऐकू आली, एकाचे बूट आणि एकीचे उघडे पाय, आणि सासऱ्यांचा आवाज:

“सावकाश. घाई नाही. अजून एक पायरी हाये.”